शुक्रवारचे मासे आणि रत्नाचा नवस

बायकोशी नेहमी खरं बोलावं, असं लग्नात कुणीतरी मला सांगितलं होतं. सांगणारा माणूस अविवाहित होता हे मला पुढे कळलं, पण तोपर्यंत मी खरं बोलून बसलो होतो.

झालं असं. २००३च्या मार्चमध्ये आमच्या कंपनीनं माझ्या ग्रीन कार्डाची फाइल एकदाची सुरू केली. आम्ही राहतो विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळच्या एका गावात. (अमेरिकेत असतो म्हटलं की पुण्यातले लोक 'कॅलिफोर्निया?' असं विचारतात. विस्कॉन्सिन म्हटलं की 'असू दे, असू दे' म्हणतात.) मी एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. माझी बायको रत्ना नागपूरची. तिथल्या बँकेतली चांगली नोकरी सोडून ती माझ्यामागे इथं आली आणि तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी निघाली. बँकेत अकरा माणसांना धाकात ठेवणाऱ्या बाईला इथं धाकात ठेवायला मी एकटाच होतो, आणि त्यात तिचं मन रमत नव्हतं. तेव्हा ग्रीन कार्ड हवं होतं ते खरं तर तिला.

त्या रविवारी नागपूरहून सासूबाईंचा फोन आला.

"माहूरच्या देवीला बोल काहीतरी," त्या लेकीला म्हणाल्या. "जावईबुवांना म्हणावं, आवडती वस्तू सोडा. कार्ड हातात येतपर्यंत."

म्हणजे बघा, सल्ला सासूबाईंचा, नवस रत्नाचा, कार्ड दोघांचं आणि सोडायचं मी. फोन ठेवून रत्ना माझ्याकडे वळली.

"रवी, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"तू," मी म्हणालो. (लग्नाला सहा वर्षं झाली होती, उत्तर तोंडपाठ होतं.)

"ते सोडून. खायचं सांग."

"मासे," मी म्हणालो.

मी वेंगुर्ल्याचा आहे. दुसरं काय सांगणार? पण त्या क्षणी थोडी अक्कल वापरून 'कारलं' म्हणालो असतो, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. रत्ना 'बरं' म्हणाली, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडून आतल्या देव्हाऱ्यासमोर दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली, आणि परत येऊन म्हणाली, "झालं."

आता शुक्रवार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी अख्खं राज्य तळलेले मासे खातं. त्याला फिश फ्राय म्हणतात. इथले कॅथलिक लोक शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून मासे खातात आणि याला उपवास म्हणतात. हे कळल्यापासून मला त्या धर्माविषयी अतिशय आदर आहे.

आमच्या गावाबाहेर हायवेला लागून 'वॉल्टर्स' नावाचं जुनं हॉटेल होतं. लाकडी भिंती, भिंतीवर भुसा भरलेला एक अवाढव्य मासा आणि त्याच्याखाली बसलेला म्हातारा वॉल्टर. दोघेही सारखेच तोंड उघडं टाकून असायचे. माझा मित्र नरेंद्र आणि मी दर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर तिथं जायचो. डोरीन नावाची साठीची वेट्रेस न विचारता ताट आणून ठेवायची: बिअरमध्ये कालवलेल्या पिठात तळलेले कॉडचे तुकडे, बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर आणि राय ब्रेड. वर नियम असा की पैसे एकदाच द्यायचे आणि खाल तेवढं खायचं. बारच्या वर एक काळा फळा होता, त्यावर सगळ्यात जास्त तुकडे खाणाऱ्याचं नाव खडूनं लिहायचे. 'रॅव्ही, १४.' हे माझं नाव. अमेरिकेत माझ्या नावावर तेव्हा एवढंच जमा होतं.

नवसानंतरच्या शुक्रवारी मी विचारायला म्हणून ऑफिसातून आधी घरी आलो आणि कोट न काढताच दारात उभा राहिलो.

"म्हणजे आता माझं वॉल्टर्स बंद?" मी विचारलं.

"तुझं तू बघ," रत्ना म्हणाली.

बायकोच्या 'तुझं तू बघ'चा अर्थ विवाहित माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मी कोट काढला.

डोरीनला मात्र सांगून येणं भाग होतं. पुढच्या शुक्रवारी नरेंद्रबरोबर गेलो आणि नुसती कोशिंबीर मागितली. डोरीननं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"मासे सोडलेत," मी म्हणालो. "देवाला शब्द दिलाय."

तेव्हा त्यांचा लेंट चालू होता. म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आपल्या श्रावणासारखे. डोरीननं माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं.

"हनी, तू उलटं केलंस," ती म्हणाली. "मटण सोडायचं असतं. मासे खायचे असतात. नवीन आहेस, होतं असं. आता ईस्टरला सुटशील ना?"

"नाही. ग्रीन कार्ड आल्यावर."

"ते कधी येणार?"

"वकील म्हणतो, दीडेक वर्षात."

डोरीन तिथंच खुर्चीत बसली. तिच्या चर्चमध्येसुद्धा इतका कडक माणूस नाही, असं ती नरेंद्रला म्हणाली. नरेंद्र तेव्हा माझ्या वाटणीचे तुकडे खात होता, त्यामुळे त्याला फारसं बोलता आलं नाही.

दीडाची तीन वर्षं झाली, तिनाची चार. वकील दर वेळी 'आता फक्त एवढंच' म्हणायचा. मी वॉल्टर्सला जाणं सोडलं, कारण कोशिंबीर खात दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसणं हे भिकेचं लक्षण आहे. माझी अवस्था हळूहळू बिघडत गेली. दाताच्या डॉक्टरकडे काचेच्या टाकीत रंगीत मासे होते. त्यांच्यासमोर मी एकदा इतका वेळ उभा राहिलो की रिसेप्शनिस्ट उठून माझ्या आणि टाकीच्या मध्ये येऊन उभी राहिली. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळींत मी तिखट-मीठ लावून माझा त्याग सांगायचो आणि बायका 'अगंबाई, नशीबवान आहे रत्ना' म्हणायच्या. रत्ना अशा वेळी उठून पाणी प्यायला जायची. मला वाटायचं, बिचारीला गहिवरून येतं.

एक मात्र सुख होतं. रत्नाला कारलं जीव की प्राण, लग्न झाल्यापासून दर मंगळवारी घरात कारल्याची भाजी ठरलेली. नवस बोलल्यापासून कारलं घरात यायचंच बंद झालं. मी म्हटलं, बाई मनानं चांगली आहे, दुःखी माणसाला आणखी छळायचं नाही म्हणून करत नसेल. मी तो विषय काढला नाही. चांगली गोष्ट बोलून दाखवली की बंद पडते.

मग आला २००७चा जून. इतकी वर्षं कुलूपबंद असलेलं ग्रीन कार्डाचं दार सरकारनं एकदम सताड उघडलं आणि सांगितलं की जुलैत सगळ्यांनी शेवटचा अर्ज भरा. फोटो, लसी, जन्मदाखले यांसाठी आमच्या घरात नुसती पळापळ झाली. एक जुलैला, रविवारी, नरेंद्रनं त्या आनंदात पार्टी ठेवली. रत्नाला ताप होता, म्हणून मी आणि आमची आठ वर्षांची स्वानंदी दोघंच गेलो. नरेंद्रची बायको प्रतिमा सुगरण. तिनं माझ्या हातात खास ताट दिलं.

"भाऊजी, तुमच्यासाठी मुद्दाम केलंय. कारल्याचे काप. आपल्या सुरमईचा मसाला लावून, रव्यात घोळवून तळलेत. डोळे मिटून खा."

एरवी मी कारल्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पण चार वर्षांचा उपाशी माणूस! डोळे मिटले. तिखट, कुरकुरीत, वर लिंबू. आत काय आहे त्याची चौकशी मी केली नाही.

"फोर्टीन, बाबा!" स्वानंदी ओरडली. "सेम अ‍ॅज युअर ब्लॅकबोर्ड!" (फळ्याची गोष्ट मी तिला झोपताना सांगायचो. इतर बाप शूरवीरांच्या सांगतात.)

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सरकारनं ते उघडलेलं दार धाडकन लावून घेतलं. चुकून उघडलं म्हणे, कोट्यातली सगळी कार्डं संपली. रत्ना जेवणाच्या टेबलावर कागदांच्या गठ्ठ्याशेजारी बसून रडली. मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. मला काय करावं सुचेना, म्हणून मी तिचे पासपोर्ट साइजचे फोटो उगाच सारखे करत बसलो. पुढं पंधरा दिवस देशभर आपल्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा दार पुन्हा उघडलं आणि आमचे अर्ज गेले. आता नुसती वाट बघायची.

अर्ज एकूण चार. माझं ग्रीन कार्ड, रत्नाचं ग्रीन कार्ड, आणि तोवर रत्नाला नोकरी आणि मला प्रवास करता यावा म्हणून तात्पुरत्या परवानग्या. चारही एकाच पाकिटातून गेलेले, त्यामुळे त्यांचे नंबरही शेवटचा आकडा सोडला तर एकसारखे. मी ते एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ऑफिसच्या मॉनिटरला चिकटवले होते आणि त्यातला माझा नंबर रोज दुपारी सरकारी वेबसाइटवर टाकून बघायचो.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शुक्रवारी, एका कानात कॉन्फरन्स कॉल चालू असताना, मी नंबर टाकला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'अप्रूव्ह्ड.'

पुढं आणखी बरंच काही लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. (आमचा इन्शुरन्सचा धंदा. लोक पुढचं वाचत नाहीत यावरच तो चालतो.) मी कॉल कट केला. रत्नाला फोन करावा असं मनात आलं. खरंच आलं. पण घड्याळात साडेचार वाजले होते, दिवस शुक्रवार होता, आणि माझी गाडी मी काही ठरवायच्या आत हायवेला लागली होती.

वॉल्टर्स जागेवर होतं. आत गेलो आणि वाटलं, चुकून बँकेत आलो. भिंती पांढऱ्या. भुसा भरलेला मासा गेला, त्याच्याखालचा वॉल्टरही गेला. काळ्या फळ्याच्या जागी एक भलामोठा टीव्ही. डोरीन तेवढी होती, काळा शर्ट घालून अवघडून उभी.

"रॅव्ही!" तिनं मला मिठीच मारली. "तुझा लेंट सुटला?"

"सुटला! आण ताट! वॉल्टर कुठाय?"

"फ्लोरिडाला. हॉटेल जावयाला दिलं." डोरीननं इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "जावई हुशार आहे."

तो किती हुशार होता, ते ताट आल्यावर कळलं. ताट चौकोनी होतं. त्यात पाल्याच्या गादीवर माशाचे दोन तुकडे निजवले होते आणि कडेनं हिरव्या चटणीची एक रेघ मारली होती. धिरडी नाहीत. राय ब्रेड नाही. मी डोळे मिटले, माहूरच्या देवीचे आभार मानले आणि घास घेतला. बाहेरून करपलेला, आतून गार. मध्ये कुठंतरी मासा असावा. प्रतिमाची कारली याच्यापेक्षा जास्त माशासारखी लागली होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोरीनला वाटलं आनंदाश्रू, तिनंही एप्रनला डोळे पुसले.

"आणखी आण," मी म्हणालो.

"खाल तेवढं बंद झालं, हनी. आता दर दोनाला वेगळे पैसे."

मी तरीही आणखी दोन ताटं मागवली. चवीसाठी नव्हे, हट्टानं. साडेचार वर्षं ज्याची वाट बघितली ते दोन तुकड्यांत कसं आटपणार? सहावा तुकडा नरड्याखाली ढकलत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"रवी, कुठे आहेस तू?" रत्नाचा आवाज आनंदानं चिरकला होता. "लवकर ये! पाकीट आलंय!"

एका दिवसात सरकारी पाकीट घरी! मी अमेरिकेच्या टपालखात्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि गाडी पळवली. घरी पोचलो तर रत्ना दारातच. तिनं माझ्यासमोर एक कार्ड नाचवलं. त्यावर तिचा फोटो होता.

"अभिनंदन!" मी म्हणालो. "आणि माझं?"

"तुझं काय?"

"माझं ग्रीन कार्ड. मघाशी मी वेबसाइटवर बघितलं ना. अप्रूव्ह्ड!"

"अरे, ग्रीन कार्ड कुठलं? हे माझं नोकरीचं परमिट आहे! सोमवारपासून मी अर्ज करू शकते!" ती थांबली. "तू कुठला नंबर टाकलास?"

मी सोफ्यावर बसलो. कॉलच्या नादात शेवटचा आकडा चुकवून मी तिच्या परमिटचा नंबर टाकला होता.

"बाबा स्मेल्स लाइक फ्रेंच फ्राइज," स्वानंदी म्हणाली.

रत्नानं नाक माझ्या कोटाजवळ आणलं आणि मागे घेतलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी हात जोडले.

"रत्ना, मी नवस मोडला. मासे खाल्ले. सहा तुकडे. आणि शप्पथ सांगतो, धड तळलेलेही नव्हते. आता आपलं कार्ड गेलं. तुझी साडेचार वर्षं मी पाण्यात घातली. मला माफ कर."

हे बोलताना त्या जुलैतल्या टेबलाशी बसलेली रत्ना मला दिसत होती. समोरची रत्ना मात्र हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली.

"अरे, मासे सोडायचा नवस बोललं कोण?"

"तू! माझ्यादेखत! मी 'मासे' म्हणालो, तू 'बरं' म्हणालीस आणि देव्हाऱ्यासमोर गेलीस!"

"गेले. आणि समोर उभी राहिल्यावर विचार केला, हा वेंगुर्ल्याचा माणूस. याच्या भरवशावर देवीला माशांचा शब्द कसा द्यायचा? म्हणून मी कारलं सांगितलं. तू जन्मात खाणार नाहीस. एकदम सेफ."

"पण आवडती वस्तू सोडायची असते ना?"

"मग? मला आवडतं ना!" रत्ना म्हणाली. "तुझ्या तोंडात चुकूनही जाऊ नये म्हणून साडेचार वर्षं घरात आणलं नाही मी. किती वेळा इंडियन स्टोअरमध्ये हातात घेऊन परत ठेवलंय, माहितीये?"

मला एकदम भरून आलं. मग एकदम राग आला.

"आणि माझे साडेचार वर्षांचे शुक्रवार? सांगितलं का नाहीस?"

"मी म्हटलं होतं, तुझं तू बघ. तूच हुतात्म्यासारखा चेहरा करून कोट काढलास. मग तुझं कोलेस्टेरॉल खाली आलं, शुक्रवारी घरी थांबून पोरीला गोष्टी सांगायला लागलास. मी कशाला बोलू?" तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. नवस शाबूत आहे. साडेचार वर्षांत तू कारल्याला शिवलेला नाहीस."

मी स्वानंदीकडे पाहिलं. डोळ्यांनी खुणावलं. पण अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना डोळ्यांची भाषा शिकवत नाहीत.

"यस ही डिड!" स्वानंदी म्हणाली. "अ‍ॅट प्रतिमा काकूज पार्टी! ही एट फोर्टीन! आय काउंटेड!"

रत्नाचा हात माझ्या खांद्यावरून अलगद निघाला.

"कुठली पार्टी?"

"जुलैतली," मी म्हणालो. "एक तारखेची."

रत्नानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक जुलै, रविवार. दोन जुलै, सोमवार. मला तिच्या डोक्यातला हिशोब दिसत होता आणि तो चुकत नव्हता. पूर्वी बँकेत होती ती.

"म्हणजे ते दार," ती सावकाश म्हणाली, "तुझ्यामुळे बंद झालं?"

सरकारी धोरण, कोटा, दोन खात्यांतला गोंधळ, हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नागपूरला फोन लावला. देशातल्या हजारो लोकांचे अर्ज मी चौदा काप खाऊन अडवले, हे सासूबाईंना पटायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. (या बाबतीत माझी ताकद त्यांनी कधीच कमी लेखलेली नाही.) फोनवर नवस नव्यानं बोलायचं ठरलं.

"या वेळी मी खरंच मासे सोडतो," मी मोठ्या मनानं म्हणालो.

"नको," रत्ना म्हणाली. "तुझ्या नावावर देवी आता काही धरणार नाही. क्रेडिट हिस्ट्री खराब झालीय तुझी."

सोडण्याचं काम स्वानंदीकडे गेलं. तिनं ब्रोकोली सोडली, आणि ती मोठ्या आनंदानं सोडली. रत्ना जानेवारीत एका बँकेत लागली. आता तिच्या हाताखाली सात माणसं आहेत आणि ती संध्याकाळी घरी बरीच शांत असते.

आणि या ऑगस्टमध्ये ग्रीन कार्ड आलं. दोघांचं. मी साडेचार वर्षं मासे सोडले तर पान हललं नाही, पोरीनं दहा महिने ब्रोकोली सोडली तर कार्ड घरी. 'पोरीचा हात गुणाचा आहे,' सासूबाई फोनवर म्हणाल्या. 'आता नवस फेडा. सोडलेल्या वस्तूंचा नैवेद्य दाखवा आणि तो प्रसाद घरात कोणीतरी पोटभर खाल्ला पाहिजे.'

स्वानंदी ब्रोकोली खायला तयार नव्हती. रत्नाला बँकेतल्या लोकांनी परस्पर पार्टीला नेलं होतं, तिचं पोट भरलेलं होतं. दिवस शुक्रवार. माझ्या ताटात डावीकडे कारलं आणि उजवीकडे ब्रोकोली वाढली गेली.

"आणि मासे?" मी विचारलं. "साडेचार वर्षं मी पाळलं त्याचं काय?"

"मासे नवसात होते कुठे?" रत्ना म्हणाली आणि मला आणखी कारलं वाढलं.